आठ मायक्रोअँपिअर

"काका, झेंडू दाराबाहेर," रेणुका म्हणाली. "आणि खिशातलं कुंकूसुद्धा."

"खिशात कुंकू नाही."

"मग ती पुडी कसली?"

पुडी कुंकवाचीच होती. मी ती मुकाट्याने बाहेरच्या टेबलावर ठेवली, तिच्यावर झेंडूची दोन फुले ठेवली आणि पांढरा डगला चढवू लागलो. खंडेनवमीचा दिवस होता. तळमजल्यावरच्या कार्यशाळेत लेथला हार पडला होता, ड्रिल मशीनला हळदकुंकू वाहून झाले होते आणि आमचे शिपाई गुरव पेढ्यांचा खोका घेऊन मजल्यामागून मजला घेत वर आले होते. आमच्या काचेच्या दाराशी मात्र त्यांना थांबावे लागले. आत धुळीचा कण जाऊ नये म्हणून हवासुद्धा गाळून सोडलेली. तेथे पेढ्याला आणि पाकळीला कोण विचारतो?

"कुंभोजकर साहेब," गुरव म्हणाले, "चार वर्षं बघतोय. तुम्ही आन् या ताई रोज भुतासारखे कपडे घालून आत जाताय. बनतंय काय आत?"

"लेसर. म्हणजे एक प्रकारचा दिवाच म्हणा."

"केवढा?"

"मोहरीच्या दाण्यावर हजारो मावतील, एवढा."

"आन् उजेड?"

"तो डोळ्यांना दिसत नाही."

गुरवांनी क्षणभर विचार केला. "दिवा दिसत नाही, उजेड दिसत नाही. पगार तेवढा दिसतो!" असे म्हणून ते पेढ्यांसह पुढच्या मजल्याकडे निघून गेले.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. पुण्यातील एका संशोधन संस्थेत मी त्या वेळी वरिष्ठ तंत्रज्ञ होतो. तंत्रनिकेतनातून उपकरणशास्त्राची पदविका घेऊन तेथे लागलो, त्याला चौतीस वर्षे होत आली होती आणि निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. रेणुका वाघचौरे ही नेवाशाची मुलगी; तिचे पीएच.डी.चे चौथे वर्ष चालू होते. आमच्या विभागप्रमुख डॉ. हेमलता सरनोबत. मूळच्या कोल्हापूरच्या, आणि रागावल्या म्हणजे तो मूळ पत्ता लगेच कळत असे.

गुरवांना सांगायचे राहिले ते एवढेच. संगणकाच्या चिपमधले भाग एकमेकांशी बोलतात ते तांब्याच्या बारीक तारांमधून. या बोलण्यातच पुष्कळ वीज खर्च होते आणि चिप तापते. तोच निरोप प्रकाशाने धाडला तर हा खर्च कितीतरी कमी होतो. पण त्यासाठी प्रकाश पाडणारा लेसर चिपवरच बसायला हवा आणि त्याची भूक अगदी बेताची हवी. लेसरला थोडा विद्युतप्रवाह दिला तर तो नुसता मिणमिणतो. प्रवाह वाढवत नेला की एका ठरावीक आकड्याला तो एकदम जागा होतो. त्या आकड्याला आम्ही उंबरठा म्हणत असू. उंबरठा जितका खाली, तितकी भूक कमी.

दिल्लीच्या समितीने स्वच्छ शब्दांत लिहिले होते: उंबरठा दहा मायक्रोअँपिअरच्या आत आणा, म्हणजे प्रकल्पाला आणि रेणुकाच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांची मुदतवाढ मिळेल. समिती गुरुवारी यायची होती. खंडेनवमी आली सोमवारी, मंगळवारी दसऱ्याची सुटी. रेणुकाने बनवलेली नवी चिप भट्टीतून बाहेर आली होती शनिवारी. तेव्हा एरवी खंडेनवमीला जी यंत्रे आम्ही विसाव्याला ठेवत असू, ती त्या वर्षी चालवणे भाग होते.

मोजणीची पद्धत मीच घालून दिलेली होती. सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावायचा, त्याच्या उजेडात केसाहून बारीक अशा दोन सुया चिपवर टेकवायच्या, दिवा बंद करायचा, वहीतल्या त्या रकान्यात तशी खूण करायची, सगळ्यावर काळा पडदा ओढायचा आणि मग प्रवाह सोडायचा. एकूण अकरा पायऱ्या, अकरा रकाने. हे रकाने माझ्या अक्षरात, आणि त्यांच्यात खाडाखोड नाही. याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

सुया टेकवून झाल्या. मी हात जोडून डोळे मिटले.

"काका, हे काय?"

"खंडेनवमी आहे. आत ज्योत लावता येत नाही, म्हणून दरवर्षी यंत्राचाच दिवा यंत्रापुढे लावतो आणि नमस्कार करतो. चौतीस वर्षांचा शिरस्ता आहे."

"माझ्यासाठी पण मागा काहीतरी."

"काय मागू?"

"नऊ मागा. साडेनऊ चालेल. जास्त हाव नको."

मी मागितले. एवढ्यात काचेपलीकडून सरनोबत मॅडमचा आवाज ध्वनिक्षेपकातून घुमला, "पूजा आटपली असेल तर काम सुरू करा! गुरुवारी समितीला काय प्रसाद वाटू?" आम्ही दोघेही हसलो. पडदा ओढला, वहीत खुणा केल्या आणि मी प्रवाहाची कळ फिरवू लागलो.

"चार," मी म्हणत होतो आणि रेणुका लिहीत होती. मी वाचायचे आणि तिने लिहायचे, हीच आमची रीत. "पाच. सहा. सात. प्रकाश नाममात्र. आठ."

संगणकाच्या पडद्यावरचा आलेख आठाला उभा राहिला. सरळ उभा, खांबासारखा.

"काका, पुन्हा," ती कुजबुजली.

पुन्हा आठ. तिसऱ्यांदाही आठच.

"आकडा सांगा," ध्वनिक्षेपक म्हणाला.

"आठ, मॅडम!"

"तू नको सांगूस, तू आनंदात आहेस. कुंभोजकर, तुम्ही सांगा."

"आठ," मी म्हणालो.

"मग झालं तर." आणि काचेपलीकडे त्या वयस्क, भारदस्त बाईंनी दोन्ही हात वर करून चक्क एक गिरकी घेतली. गुरवांचे पेढे संपले होते, म्हणून आमच्यासाठी नवे मागवले गेले. संध्याकाळी मॅडमनी समितीला आकडा कळवूनही टाकला.

बुधवारी सकाळी आम्ही तीच चिप, तोच लेसर पुन्हा मोजायला घेतला. पाहुण्यांपुढे दाखवण्यापूर्वी एक रंगीत तालीम, इतकाच हेतू. आठ आला, गेला, आलेख आडवाच. नऊ, दहा, अकरा. तेराला तो उभा राहिला.

"सुया नीट टेकल्यात ना?" रेणुकाने विचारले.

सुया उचलल्या, पुन्हा टेकवल्या. तेरा. तारा बदलल्या. तेरा. दुपारी चारपर्यंत मी माझ्या अकराच्या अकरा पायऱ्या सात वेळा चढलो आणि सातही वेळा तेरावर पोचलो.

"दोन दिवसांत म्हातारा झाला हो माझा लेसर," ती म्हणाली. हसण्याचा प्रयत्न केला, पण साधला नाही.

असे होते. एवढ्या लहान लेसरच्या कडा हवेने खराब होतात आणि त्याची भूक वाढते. ते रोखण्यासाठी वरून एक पातळ लेप देतात. मॅडमनी खुर्चीत मागे रेलून निर्णय दिला. "आठ खोटा न्हवता. आपण तिघांनी बघितलाय. समितीला सांगू, आठ मिळाला, पण टिकला नाही. पुढचं वर्षभर रेणुका फक्त लेपावर काम करील. दहा लेप करून बघ, वीस कर. म्हातारपण थांबव. काय कुंभोजकर?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. मला तसे खरोखरच वाटत होते.

गुरुवारी सकाळी मी चहा घेत बसलो होतो. माझी पत्नी मालती ओट्याशी नवरात्राची समई चिंचेने घासत होती आणि घासता घासता माझा उद्धार करत होती.

"अर्धी वाटी तेल जास्त गेलं परवा, तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"नाहीतर काय! घट हलले, आरती झाली, मंडळी सोनं देऊन घरी गेली, तरी तुमचा हात दिव्याकडे जाईल तर शपथ. म्हणे, पूजेचा दिवा आपल्या हाताने मालवू नये, आपण होऊन शांत होऊ दे. आयुष्यभर यंत्रांची बटणं दाबणारा माणूस आणि एवढ्याशा वातीला भितो."

मी कप खाली ठेवला.

"काय झालं? साखर कमी आहे?"

"नाही. मला लवकर निघायला हवे."

"समिती अकराला येणार म्हणालात ना?"

"अकराच्या आत एक दिवा बघायचा आहे."

पावणेआठला मी प्रयोगशाळेत होतो. सुया टेकवल्या. दिवा बंद केला, पडदा ओढला, मोजले: तेरा. पडदा सरकवला, दिवा लावला, पडदा ओढला, मोजले: आठ. त्यानंतर दिव्याची तीव्रता सहा पायऱ्यांनी कमी करत गेलो आणि उंबरठा तेराकडे पायरीपायरीने चढत गेला. मी तक्ता केला. शेवटचा आकडा लिहिताना माझे अक्षर नेहमीसारखे आले नाही.

सोमवारी मी हात जोडले, मागणे मागितले, आणि दिवा बंद केलाच नाही. वहीत मात्र खूण केली होती. हाताला सवय होती, हाताने केली. मनाने दिव्याला हात लावू दिला नाही. दिव्याचा उजेड लेसरच्या पोटात शिरून विजेचेच काम करत होता आणि मी मोजत होतो तो फक्त तारेतून आलेला प्रवाह. पंगतीत वाढलेल्या पोळ्या मोजाव्यात आणि स्वयंपाकघरात आधीच खाल्लेल्या मोजू नयेत, तसा तो आठ होता. मोजणीच्या यंत्रापुढे गाळणी होती, ती लेसरखेरीज इतर प्रकाश अडवी. म्हणून आलेखात दिव्याचा मागमूस नव्हता.

नऊ वाजता रेणुका आली. नुकतीच घडी मोडलेला नवा कुर्ता, डोळ्यांखाली काळे.

"ये. आकडा वाच," मी म्हणालो. "पडद्याला हात लावू नको."

तिने कळ फिरवली. सहा, सात, आठ. आलेख उभा राहिला. ती जवळजवळ ओरडलीच. "काका! बरा झाला! कसा काय?"

"आता पडदा सरकव."

तिने सरकवला. आत पिवळसर दिवा शांतपणे जळत होता.

"दिवा चालू राहिलाय," ती म्हणाली.

"हो."

मग तिला समजत गेले; ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. "सोमवारीसुद्धा?"

"सोमवारीसुद्धा."

"वहीत तर बंद म्हणून खूण आहे."

"माझ्या हातची आहे."

ती स्टुलावर बसली.

"म्हणजे तो म्हातारा झालाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही. सोमवारी दिव्यासह आठ, आज दिव्यासह आठ. तिळमात्र बदललेला नाही."

"आणि तरुणही नव्हता. तेराचाच होता. पहिल्यापासून."

"हो."

"तेराला मुदतवाढ नाही मिळत, काका."

"माहीत आहे."

"तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं? मला तर जन्मात कळलं नसतं. मी मॅडमपेक्षा तुमच्यावर जास्त..." तिने वाक्य सोडून दिले. मग तिचा आवाज चढला. "वर्षभर मी लेप बदलत बसले असते! वीस लेप! नसलेल्या रोगावर!"

"म्हणून सांगितले."

"चांगलं केलंत," ती म्हणाली. पण आवाजात कौतुक नव्हते, आणि असायला हवे असेही मला वाटले नाही. "आता मॅडमना कोण सांगणार?"

मॅडमना मी सांगितले. त्या केस नीट करत आरशापुढे उभ्या होत्या. ऐकताना त्यांचा हात हवेतच थांबला.

"दिवा," त्या म्हणाल्या.

"हो."

"पूजेचा."

"हो, मॅडम."

"अवो कुंभोजकर, चौतीस वर्षांत एक चूक केली नाही म्हणून मी तुम्हाला नावाजते, आन् तुम्ही सगळ्या चुका साठवून ठेवून निरोपाची भेट म्हणून मलाच देताय व्हय?" त्यांनी फणी टेबलावर आपटली. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "समितीला मी आठ कळवलाय. माझ्या सहीनं."

"मी राजीनामा..."

"गप्प बसा. पाच आठवड्यांसाठी राजीनामा कशाला खराब करताय." त्यांनी माझ्या हातातला तक्ता ओढून घेतला, पाहिला, पुन्हा पाहिला. "हे कधी केलंत?"

"आज सकाळी."

"आठ मी सांगितलाय. तेरा तुम्ही सांगायचा. समितीपुढं. उभं राहून."

चौतीस वर्षांत मी त्या सभागृहात शेकडो वेळा गेलो होतो. कधी माईक जोडायला, कधी पडदा सरळ करायला. बोलायला गेलो तो त्या दिवशी प्रथमच. समितीत तिघे होते. अध्यक्ष एक वृद्ध गृहस्थ, मूळचे दादरचे, डॉ. तळपदे. मी क्रमाने सांगितले: काय झाले, कसे कळले, किती फरक पडला. तक्ता पडद्यावर दाखवला.

"तुम्ही दिवा का लावून ठेवलात?" त्यांनी विचारले.

"खंडेनवमी होती," मी म्हणालो.

ते दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि त्यांनी शेजारच्या दोघांना खंडेनवमी म्हणजे काय हे इंग्रजीत समजावून सांगितले. तेही हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. रेणुका शेवटच्या रांगेत बसली होती. ती हसली नाही.

"दिव्यानं किती प्रवाहाचं काम केलं?"

"पूर्ण तीव्रतेला पाच मायक्रोअँपिअरचे."

"आणि लेसर खराब झाला नाही, हे नक्की?"

"चार दिवसांत नाही, एवढे नक्की. चारशे दिवसांचे मी सांगू शकत नाही."

ते हसायचे थांबले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

निकाल दुपारी दोनला कळला. तेरा म्हणजे दहा नव्हे. दोन वर्षांची मुदतवाढ नामंजूर. लेसर टिकाऊ दिसतो, सबब सहा महिने मंजूर. सहा महिन्यांत दहाच्या आत या, नाहीतर प्रकल्प बंद.

"सहा महिने," जिन्यात मॅडम म्हणाल्या. "मी शून्य धरून बसले होते. रेणुका, जेवून घे. कुंभोजकर, तुम्हीपण जेवा. उपाशी माणसाचा मला राग येत नाही, आन् आज मला यायला हवाय."

रेणुका जेवली नाही. ती सरळ वर गेली. मी मागोमाग गेलो तेव्हा तिने डगला घातलेला होता आणि वही उघडून ठेवली होती. मी सोमवारच्या पानावर ती खूण एका आडव्या रेघेने खोडली, बाजूला खरे काय ते लिहिले, सही केली. खाली तिने साक्षीची सही केली.

"चिपवर अजून अकरा लेसर आहेत," मग ती म्हणाली. "मी फक्त मधलाच बघत बसले होते. कडेचे लहान आहेत. एकेक मोजू या."

"आज?"

"सहा महिन्यांतला अर्धा दिवस गेला, काका."

कडेचा पहिला लेसर. तिने सुया टेकवल्या. तिचा हात आता माझ्यापेक्षा स्थिर होता. मी कळ फिरवू लागलो. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. अकरा आणि बाराच्या मध्ये कुठेतरी आलेख वर उचलला गेला.

"अकरा पूर्णांक चार," मी म्हणालो.

लेखणीचा आवाज आला नाही. मी वळून पाहिले. रेणुकाने लेखणी वहीवर आडवी ठेवली होती आणि ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"सरका जरा, काका," ती म्हणाली. "मला बघू द्या."

मी खुर्ची मागे घेतली. तिने आधी पडदा उचलून आत पाहिले, मग वाकून आकडा स्वतः वाचला, कळ शून्यावर नेली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून मोजले. मगच लिहिले. नंतरच्या दहाही लेसरना तिने तसेच केले, आणि मला वाटले, पाच आठवडे फार झाले. मी उद्या गेलो तरी चालेल.